कोनाड्याशेजारचा खिळा

चौथ्या मजल्यावर कापूस झोडता येत नाही. सदबर्गला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी गेली वीसेक वर्षं ती चौथ्या मजल्यावरच कापूस झोडत आली होती. बाहेरच्या खोलीत चादर अंथरायची, तिच्यावर कापसाचा ढीग ओतायचा आणि तुतीच्या दोन बारीक काठ्यांनी तो हलका होईपर्यंत झोडत राहायचं. खालच्या मजल्यावरची रईसाबाई मग चमच्याने नळाचा पाइप वाजवायची. तीनदा वाजला की सदबर्ग थांबायची, चहा टाकायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करायची. दोघींची एवढ्या वर्षांत भेट अशी फारशी झाली नव्हती, बोलणं पाइपवरूनच.

बुखाऱ्यात मुलीचं लग्न म्हटलं की रुखवतात गाद्या-दुलयांची चळत छतापर्यंत गेली पाहिजे. त्यामुळे सदबर्गला कामाची ददात नव्हती, जागेची होती. दोन खोल्या. एकीत ती आणि नेमत. दुसरीत कापूस, अस्तराची थानं, शिलाईचं यंत्र, शिवून झालेल्या दुलया आणि त्यांच्या आडोशाला झोपणारा शोदमोन. तेवीस वर्षांचा मुलगा अंगावर कापसाचे तंतू घेऊन उठायचा आणि लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवायला जायचा.

त्याचं निगोराशी ठरलं त्या हिवाळ्यात निगोराची आई चहाला आली होती. मनुके झाले, अक्रोड झाले. पेला खाली ठेवत ती अगदी सहज म्हणाली, "सदबर्ग-आपा, सून कुठल्या खोलीत आणणार?"

सदबर्गने दुलयांच्या चळतीकडे पाहिलं. निगोराच्या आईनेही पाहिलं.

"काही हरकत नाही म्हणा," ती बाई म्हणाली. "लग्न झाल्यावर मॉस्कोला जातील दोघं. निगोराचा मामा आहे तिथं. आजकाल कोण राहतंय इथं?"

ते वाक्य सदबर्गच्या मनातून जाईना. घरातल्या एकुलत्या एक मुलाने आईबापांपाशी राहायचं, सून तिथंच आणायची, हे ती जन्मापासून पाहत आली होती. आणि आता जागा नाही म्हणून मुलगा जाणार? त्या दिवसापासून तिने घर शोधायला सुरुवात केली. फ्लॅट नको होता. जुन्या शहरातलं, भिंतीला भिंत लागून असलेलं आणि मध्ये अंगण असलेलं घर तिला हवं होतं.

दलालाने पाच-सहा घरं दाखवली. एकाला अंगणच नव्हतं, एकात तिघा भावांचं भांडण राहत होतं. मग हौदामागच्या गल्लीतलं हनीफा-खालांचं घर आलं. खाली दोन खोल्या, वर एक माडी, अंगणात जर्दाळूचं झाड आणि बरीच वर्षं न पेटलेला तंदूर. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पलीकडे कुणी खोकलं तर इकडे कळावं, अशा.

सदबर्ग अंगणाच्या मधोमध उभी राहिली. थंडीच्या दिवसांतही तिथं ऊन होतं. तिने मनातल्या मनात चादर अंथरली, कापूस ओतला. कितीही झोडावं, कुणी पाइप वाजवणार नाही.

नेमत मात्र भिंतीपाशी उकिडवा बसला होता. तो पाणीपुरवठ्यात नोकरीला होता. पाणी कुठून येतं यापेक्षा कुठं शिरतं याची त्याला जास्त काळजी. भिंतीच्या पायथ्याला आलेला पांढरा थर त्याने बोटाने खरवडला आणि जिभेला लावला.

"खारट," तो म्हणाला.

"म्हणून काय झालं?"

"जमिनीतलं पाणी चढतंय. दरवर्षी गिलावा करायचा, दरवर्षी पडायचा. आणि वर बघ, छप्पर मातीचं. बर्फ पडला की लगेच उतरवावा लागतो, नाहीतर सगळं घरात. फावडं घेऊन वर कोण चढणार? तू का मी?"

"तुम्ही," सदबर्ग म्हणाली.

हनीफा-खाला हसल्या. सत्तरीच्या, वाळक्या, पाठीत वाकलेल्या होत्या. पण डोळे एखाद्या पोरीसारखे. "चांगलंय," त्या म्हणाल्या. "ज्या घरात नवराबायको असं बोलतात ते घर टिकतं. या, आत चहा घ्या."

आतल्या खोलीच्या एका भिंतीत कोनाडे होते, जुन्या पद्धतीचे, वरून कमानदार. पहिल्या कोनाड्याशेजारी खिळा होता आणि खिळ्याला दोरीने टांगलेला एक नान. वाळून लाकडासारखा झालेला. भाजण्याआधी मध्ये उठवलेला ठसा अजून दिसत होता. आणि कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा नव्हता. दातांच्या खुणा स्पष्ट होत्या.

काय ते विचारायची गरज नव्हती. लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला उंबऱ्याच्या आत एक घास चावायला लावायचा आणि उरलेला नान भिंतीला टांगून ठेवायचा. तो परतला की त्यानेच तो उतरवायचा. दुसऱ्याने हलवायचा नाही. सदबर्गच्या माहेरी तिच्या काकाचा असाच नान होता, तो सैन्यातून परत येईपर्यंत.

"नाव काय त्याचं, खाला?" तिने विचारलं.

"इल्होम, माझा मुलगा." खालांनी रिवाजाप्रमाणे चहा ओतला, तो पुन्हा किटलीत ओतला, पुन्हा पेल्यात ओतला. "पहिल्या वर्षी रशियातून फोन यायचे. मग वेगवेगळ्या नंबरांवरून यायला लागले. मग नाहीच. कुणी म्हणतं स्टेशनवर पाहिला, कुणी म्हणतं तिकडेच घर केलंय. सहा हिवाळे झाले. मुलगी म्हणते, नवोईला ये, एकटी कशाला राहतेस. आता गुडघे पण तेच म्हणतात."

त्यांनी पेला सदबर्गच्या पुढे सरकवला.

"घर मी धुऊनपुसून देईन," खाला पुढे म्हणाल्या. "भावातही ओढून धरणार नाही. तेवढा तो खिळा मात्र राहू दे. निघाला तो याच दारातून. येईल तर याच दारात."

"आम्ही हातसुद्धा लावणार नाही, खाला," सदबर्ग म्हणाली. बोलणं संपायच्या आत म्हणाली.

परतताना बसमध्ये नेमतने आधी तिकिटं काढली. मग म्हणाला, "आपले लोक म्हणतात, घर घेऊ नये, शेजार घ्यावा. तू तर दुसऱ्याचं वाट बघणं विकत घेतेयस."

"एक वर्ष राहू द्यायचा," सदबर्ग खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाली. "मग म्हातारीला कुठं कळणार आहे? त्या कोनाड्याशी उजेड बरोबर डावीकडून येतो. यंत्र तिथंच बसेल."

नेमतने तिच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे पाहिलं.

पुढचे कित्येक दिवस घरात तेवढं एकच बोलणं. जेवताना, भांडी घासताना, रईसाबाईचा पाइप वाजत असताना. नेमत म्हणायचा, इथं चोवीस तास गरम पाणी आहे, तिथं हिवाळ्यात गॅस मेणबत्तीएवढा जळेल. सदबर्ग म्हणायची, इथं चोवीस तास पाइप पण आहे. नेमत म्हणायचा, मोहल्ल्यातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक मयत आपल्या दारात येईल, रात्रंदिवस पुलावाची कढई उचलावी लागेल. ती म्हणायची, आपल्याकडे मयत झाली तर इथं चार मजले कोण उतरवणार आहे? मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना जिन्याच्या वळणावर उभं करावं लागलं होतं. यावर नेमत उठून निघून जायचा. पण थोड्या वेळाने तो स्वयंपाकघरातून ओरडायचा, "पण छप्पर मातीचं!"

खरं तर नेमत हरत आला होता. खाली अंगण, वर माडी, माडीत मुलगा-सून. हे चित्र त्यालाही दिसायला लागलं होतं. अडलं होतं एवढंच की फ्लॅट विकूनही सगळं जमत नव्हतं. थोडं कमी पडत होतं, पण ते थोडं म्हणजे या घरातल्या तिघांच्या आवाक्याबाहेरचं.

"एक हंगाम जातो ना मी," शोदमोन म्हणाला. तो दुलयांना टेकून बसला होता. "कझानला आमच्यातले चारजण फरश्याच बसवतात. वसंतात जायचं, पानगळीला परत. ओया, अशी काय बघतेस?"

ओया, म्हणजे त्याची आई, त्याच्याकडे बघत होती. ज्याच्यासाठी घर हवं होतं तोच घरापायी निघाला होता. पण एक हंगामच. सगळ्यांचीच मुलं जातात. हनीफा-खालांशी बोलणं झालं; त्या पानगळीपर्यंत थांबायला तयार झाल्या. "तुझ्यासाठी थांबते," त्या म्हणाल्या. माझ्यासाठीच का, हे सदबर्गने तेव्हा विचारलं नाही.

निघायच्या पहाटे पाठवणीची नेहमीची गडबड. मोजे, औषधं, सुकी जर्दाळू. शोदमोन बूट घालायला वाकला तेव्हा सदबर्गने ताजा नान त्याच्या तोंडाशी धरला. त्याने हसत हसत मोठा घास तोडला, इतका मोठा की गाल फुगले. "ओया, परत आल्यावर हा दगड मला खायला लावशील, म्हणून आत्ताच जास्त खातो," तो भरल्या तोंडाने म्हणाला. ती त्याच्या पाठीवर थोपटत राहिली. टॅक्सी गेली. ती वर आली. स्वयंपाकघरात खिडकीशेजारी कॅलेंडरचा खिळा होता. तिने कॅलेंडर काढलं आणि दोरी ओवून नान टांगला. तिच्या आईनेही काकाचा असाच टांगला होता. हात आपोआप चालले.

नेमत दारात उभा राहून पाहत होता.

"आणि हे घर आपण विकणार आहोत ना?" तो म्हणाला.

सदबर्गचे हात दोरीवरच थांबले.

"घास घ्यायला त्याला हौदामागे न्यायचं होतंस," नेमत म्हणाला. त्याला थट्टा करायची होती, पण ती साधली नाही. "यायचं तिथंच होतं त्याला."

"त्या भिंतीवर दोन नान टांगू?" सदबर्ग फटकन म्हणाली, आणि आपल्याच बोलण्याने दचकून तिने कानाच्या पाळीला हात लावला.

पानगळीपर्यंत परतणारच आहे, असं दोघांनी ठरवून टाकलं. तो आला की नान उतरवेल, मग फ्लॅट विकायचा. सरळ हिशेब होता.

उन्हाळाभर शोदमोनचे फोन येत राहिले. तो बारीक दिसायचा, हसायचा. एकदा फोनमधूनच कुणाच्या तरी हिरव्या फरश्या दाखवल्या. पण जर्दाळूची पानं पिवळी झाली आणि तो म्हणाला, "ओया, ठेकेदाराने पैसे अडकवलेत. आत्ता निघालो तर गेलेच. नव्या वर्षापर्यंत थांबतो." त्यानंतरचा फोन दुसऱ्याच नंबरवरून आला. त्याचा हँडसेट फुटला होता, मित्राचा घेतला होता. पुढचा फोन तिसऱ्या नंबरवरून. सदबर्ग प्रत्येक नंबर कापसाच्या गोणीवर खडूने लिहून ठेवायला लागली. निगोराची आई लग्नाची तारीख विचारायची. मग तिने विचारणं सोडलं, ते जास्त वाईट.

त्याच सुमाराला दलालाचा निरोप आला. हौदामागच्या गल्लीत कुणी हॉटेलवाला फिरतोय. दोन घरं घेतलीत, मधली भिंत पाडणार आहे. हनीफा-खालांकडेही जाऊन आलाय. म्हातारी किती दिवस थांबेल?

सदबर्ग त्या रात्री झोपली नाही. घर गेलं तर शोदमोन परत कशाला येईल, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत होता. माडी नाही, खोली नाही, तो फार तर लग्नापुरता येईल आणि निगोराला घेऊन जाईल. सकाळी ती म्हणाली, "फ्लॅट विकू या. कमी पडेल ते खालांना मागाहून देऊ. थांबतील त्या."

"आणि तो?" नेमतने हनुवटीने स्वयंपाकघराकडे दाखवलं.

"घेणाऱ्यांना सांगू. लोकांना कळतं. आपल्याला नाही कळलं?"

नेमत डोकं हलवत कामावर गेला. पण गिऱ्हाईक त्यानेच आणलं. त्याच्या खात्यातला एक तरुण होता, नुकतंच लग्न झालेला, बायको बालवाडीत शिकवायची. मुलगी चुणचुणीत होती. तिने बाहेरच्या खोलीत खेळकरपणे दुलयांवर हात फिरवला, "अय्या, किती मऊ!" म्हणाली, खिडकी उघडून पाहिली, पडद्याची लांबी डोळ्यांनी मोजली. मग स्वयंपाकघरात आली आणि थबकली.

"कुणाचा?"

"माझ्या मुलाचा. नव्या वर्षाला येणार आहे," सदबर्ग म्हणाली. "तेवढा खिळा राहू द्यावा लागेल. तो येईल, उतरवेल. तुम्हाला काही त्रास नाही."

"छे, त्रास कसला! आम्ही हातसुद्धा लावणार नाही, खाला," मुलगी म्हणाली.

किती पटकन म्हणाली. सदबर्ग तिच्याकडे पाहत राहिली. मुलीची नजर खिळ्यावरून खाली घसरली, नळाच्या तोटीवर गेली, तिथून कोपऱ्यावर. त्या कोपऱ्यात कपडे धुण्याचं यंत्र बरोबर बसलं असतं. ती नजर सदबर्गच्या ओळखीची होती. मागच्या हिवाळ्यात ती तिच्याच डोळ्यांत होती. फरक एवढाच की तेव्हा ते यंत्र शिलाईचं होतं.

ती थांबली. मुलगी आता नाव विचारेल, असं तिला वाटलं. मुलीने विचारलं, "गरम पाणी कायम असतं ना?"

"असतं," सदबर्ग म्हणाली. "पण घर विकायचं नाही आम्हाला."

खाली जाईपर्यंत त्या तरुणाचं नेमतशी बोलणं जिन्यात घुमत होतं. वर आल्यावर नेमतने टोपी काढून आदळली.

"वर्षभर डोकं खाल्लंस माझं! अंगण, अंगण, अंगण! मला भिंत चाटायला लावलीस. आता मी हो म्हणतो तर तू नाही म्हणतेस?"

"ती काढेल," सदबर्ग म्हणाली.

"कशावरून?"

"मी काढणार होते, त्यावरून."

नेमत खुर्चीवर बसला. खालून पाइप वाजला, कारण ओरडणं खालपर्यंत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सदबर्ग एकटीच हौदामागच्या गल्लीत गेली. खाला अंगणात पानं गोळा करत होत्या. सदबर्गने त्यांच्या हातून झाडू घेतला आणि झाडता झाडताच सगळं सांगितलं. मुलाचं, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरांचं, बालवाडीतल्या मुलीचं. बसमध्ये स्वतः काय बोलली होती तेही. खालांकडे पाठ होती म्हणून सांगता आलं.

"घर घेणं मला जमणार नाही, खाला. आत्ता तरी नाही. पण 'हात लावणार नाही' असं पटकन म्हणणाऱ्या कुणाला देऊ नका."

"पटकनच म्हणतात सगळे," खाला म्हणाल्या. "हॉटेलवाला तर काचेच्या पेटीत ठेवतो म्हणाला, पाहुण्यांना दाखवायला. तू पण पटकनच म्हणालीस. ऐकलं मी."

सदबर्गचा झाडू थांबला. "मग माझ्यासाठी का थांबलात?"

"तू नाव विचारलंस त्याचं. बाकी कुणी विचारलं नव्हतं." खालांनी गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, जमला नाही, पुन्हा बसल्या. "म्हटलं, नाव माहीत असलेल्या माणसाला काढताना जरा तरी जड जाईल."

त्या नवोईला गेल्या नाहीत. मुलगी येऊन भांडून गेली. त्या म्हणाल्या, वसंतापर्यंत बघू. हॉटेलवाल्याने शेजारचं घर घेतलं. सामाईक भिंतीपलीकडून आता दिवसभर छिन्नीचे आवाज यायचे आणि कोनाड्यांतून माती गळायची.

नवं वर्ष आलं. शोदमोन आला नाही. त्याचा शेवटचा फोन येऊनही बरेच दिवस झाले होते. गोणीवर लिहिलेला सगळ्यात खालचा नंबर लावला की एक बाई रशियन भाषेत तेच ते वाक्य बोलायची. त्याच्याबरोबरच्या मुलांपैकी एकाने सांगितलं, तो दुसऱ्या शहरात कामाला गेलाय, ठीक आहे, काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्यावर सदबर्ग कापसावर काठ्या इतक्या जोरात मारायला लागली की रईसाबाईने पाइप वाजवायचा सोडून दार वाजवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वर आली. खिळ्याकडे पाहिलं, एक बरणी मुरंबा टेबलावर ठेवला आणि खाली गेली.

मग बर्फ पडला. दोन दिवस पडत राहिला. तिसऱ्या सकाळी नेमत बूट चढवत म्हणाला, "फावडं कुठंय?"

"कशाला?"

"म्हातारीचं छप्पर मातीचं आहे," तो चिडून म्हणाला, जणू तो सदबर्गचाच अपराध होता.

तो शिडीने वर चढला आणि तिथून त्याची कुरकुर अंगणात पडायला लागली. न घेतलेल्या घराचं छप्पर झाडणारा बुखाऱ्यातला पहिला गाढव तोच, सगळ्या गल्लीने येऊन बघावं, तिकीट नाही. हनीफा-खाला आत तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. छिन्नीच्या हादऱ्यांनी कोनाड्यांत धूळ साचली होती. सदबर्गने ओलं फडकं घेऊन एकेक कोनाडा पुसला. खिळ्यापाशी आल्यावर तिने हात मागे घेतला. इल्होमच्या नानावर, दातांच्या खुणांतसुद्धा, मातीचा बारीक थर बसला होता.

"फडकं नको," खाला म्हणाल्या. "फुंकर मार नुसती. मी तेवढंच करते."

सदबर्ग टाचा उंचावून उभी राहिली आणि तिने हळू फुंकर मारली. माती उडाली, खुणा पुन्हा दिसायला लागल्या. दोरी किंचित हलली. तिने झग्याच्या खिशातला फोन चाचपून पाहिला आणि परत ठेवला. आपल्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरही धूळ बसली असेल, घरी गेल्यावर पाहायला हवं, असं तिच्या मनात आलं.

बाहेर वरून बर्फ कोसळत होता, फावड्यामागून फावडं. अंगणाच्या मधोमध, मागच्या वर्षी तिने मनात चादर अंथरली होती तिथं, पांढरा ढीग वाढत चालला होता.

"बाजूला व्हा गं!" वरून नेमत ओरडला. "अजून निम्मं बाकी आहे."